पाठ भिजली पायजे

खालांनी मला पहिल्यांदा ओळखलं ते माझ्या काखेच्या वासावरून. काख म्हणजे माझी नव्हे, मी आदल्या दिवशी घातलेल्या अंगरख्याची. पण सातवीतल्या मुलीला हा फरक सांगून काय उपयोग? जुन्या जालन्यातल्या त्या अरुंद दुकानात, दोनचार गिऱ्हाइकांच्या आणि माझ्या सख्ख्या वडिलांच्या देखत, एक साठीची बाई जांभळ्या मखमली अंगरख्याच्या काखेत नाक खुपसून डोळे मिटून उभी होती. मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

"हे कोणी घातलं होतं?" नाक बाहेर काढून त्यांनी विचारलं.

"माझ्या पोरीनं," वडील म्हणाले. "राजा झाल्ती. का? फाडला का काय?"

खालांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग शाळेच्या गाठोड्यातले बाकीचे कपडे एका बाजूला ढकलले आणि अंगरखा दुसऱ्या बाजूला ठेवला. "ह्या पोरीनं काम केलं," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांनी नुसते कपडे घातले."

आजवर माझ्या कामावर पुष्कळ लोक पुष्कळ बोलले. त्या वाक्याच्या जवळपासही कुणी पोचलेलं नाही.

खालांचं दुकान ड्रेपरीचं. शाळांच्या गॅदरिंगला, गणपतीतल्या नाटकांना, कुणाच्या तरी वेशभूषा स्पर्धेला लागणारे कपडे भाड्यानं द्यायचं. आजूबाजूला सगळी धान्याची आणि कापडाची ठोक दुकानं, हमाल, हातगाड्या, रिक्षांचे हॉर्न; आणि मध्येच एका दारात टांगलेले मुकुट, गदा आणि वाघाचं तोंड. जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांनी आयुष्यातला पहिला मुकुट तिथलाच घातलेला आहे. खालांचे मियाँ कधीकाळी एका फिरत्या नाटक कंपनीत शिंपी होते. कंपनी बुडाली तेव्हा मालकानं पगाराऐवजी कपड्यांच्या पेट्या दिल्या, त्यातून हे दुकान उभं राहिलं. मियाँ गेल्यावर खाला गल्ल्यावर बसल्या आणि त्यांची सून नसीमभाभी शिलाई मशीनवर. नसीमभाभी सहसा बोलत नसत. त्यांच्या वाटचं मशीनच बोलायचं.

माझे वडील एसटीत कंडक्टर, गाडी जालना-भोकरदन. आमच्या भागातल्या शाळांची गाठोडी त्यांच्याच गाडीनं यायची आणि जायची. गाठोड्याला कागदाची चिठ्ठी नसे, खाला वडिलांना तोंडी सांगत, "हे भोकरदन, हे राजूर." पुढे त्या मलाही "भोकरदन" म्हणू लागल्या. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे. वडील तसे कुणावर विश्वास ठेवणारे नव्हेत. सुट्टे देताना ते सख्ख्या मेव्हण्याकडेही संशयानं बघायचे. पण खालांचं गाठोडं ते कधी उघडून बघत नसत. "त्या बाईची जबान म्हंजी जबान," म्हणायचे. "आजपर्यंत एक दाढी कमी न्हाई निघाली."

खालांचं शास्त्र साधं होतं. परत आलेला प्रत्येक कपडा त्या हुंगायच्या आणि मग धुवायला टाकायच्या. घामाचा वास, पावडरीचा वास, भजी खाल्लेल्या हातांचा वास, सगळं त्यांना वेगवेगळं कळे. गदगद हसत सांगायच्या, "तुमच्या हेडमास्तरचा जावई दुष्यंत झाल्ता ना, स्टेजवर जायच्या आधी त्यानं गुटखा खाल्ला." आणि तो खरंच खाल्लेला असे. मी एकदा विचारलं, की घाम तर सगळ्यांनाच येतो, मग काम केलेल्याचा कसा ओळखायचा? खालांनी अंगरखा उलटा करून माझ्यापुढे धरला.

"काख तर डरानं भी भिजती," त्या म्हणाल्या. "परीक्षेला बसलेल्या पोरांची भी भिजती. काखेवर जाऊ नको. पाठ बघ. माणूस आतून काम करतो तेव्हा पाठ भिजती. पाठ भिजली पायजे."

अशी ही बाई, आणि तिनं जन्मात एकही नाटक बघितलं नव्हतं. हे कळलं तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. शेकडो नाटकांना कपडे पुरवले, कित्येकदा विंगेत उभं राहून पोरांच्या टाचण्या लावल्या, पण समोर बसून बघितलं नाही. "समोरून काय दिसतं?" त्या म्हणायच्या. "समोरून सगळेच राजे दिसतात."

बारावीनंतर मी घरात जाहीर केलं की मला नाटक शिकायचं आहे, रीतसर, शाळेत जाऊन. आई चपात्या लाटता लाटता थांबली. वडील शांतपणे म्हणाले, "नाटक शिकायला शाळा लागती व्हय? अन शिकून काय करून राह्यलेत लोक?" मग आठवडाभर घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. मोबाईलवर मात्र शाळाच शाळा. कुणी तीन महिन्यांत पडद्यावर नेणार होता, कुणी घरबसल्या अभिनेत्री करणार होता. एका जाहिरातीतला मुलगा तर नुसता भुवया उडवून दाखवत होता. मी ते सगळं रात्रंदिवस बघायची आणि जितकं बघावं तितका गोंधळ वाढायचा. शेवटी वडिलांनीच तोड काढली. "खालांना विचारू. त्या म्हणतील तिथं एक वर्ष. न्हाई जमलं तर मंग डी.एड. नाहीतर मांडव."

खालांसमोर त्यांनी प्रश्न टाकला तेव्हा दुकानात आम्ही तिघंच होतो. नसीमभाभी माहेरी बदनापूरला गेल्या होत्या, मशीनवर कापड झाकलेलं होतं. खालांनी एकदा त्या झाकलेल्या मशीनकडे बघितलं. मग आतल्या खोलीतून त्यांनी एक गाठोडं आणलं. छत्रपती संभाजीनगरमधली एक अॅकॅडमी, काचेच्या दारांची, पहिल्यांदाच त्यांच्याकडून कपडे घेऊन गेली होती. गाठोडं तसंच परत आलेलं होतं, अजून धुतलेलं नव्हतं. त्यात आमचा जांभळा अंगरखाही होता. त्याचं एक पितळी बटण केव्हाच हरवलं होतं आणि तिथं भाभींनी कुठल्याशा कोटाचं लाल बटण लावलं होतं, त्यामुळे तो हजारात ओळखू यायचा. खालांनी अंगरखा उचलला, नाकाशी धरला, डोळे मिटले.

"घडी बघा," त्या म्हणाल्या. "इस्त्री मोडली न्हाई. एक टाचणी कमी न्हाई. जिथं कपड्याची एवढी इज्जत है तिथं कामाची भी असणार. हिला तिथं टाका."

"तुमची जबान?" वडिलांनी विचारलं.

"माझी जबान."

वडिलांनी दुसऱ्याच दिवशी माझं नाव घातलं.

अॅकॅडमीत पहिल्या दिवशी मी थक्क झाले. थंडगार खोल्या, भिंतभर आरसे, प्रत्येक कोपऱ्यात दिवे. आम्हाला चालायला शिकवलं, वळायला शिकवलं, डावी बाजू चांगली की उजवी ते ठरवून दिलं. रडायचं कसं ते एका दुपारी शिकवलं. डोळ्यांत थेंब टाकायचे होते. फोटो मात्र रोज. मी मनाला समजावत होते की असेल बाई शहरात अशीच पद्धत, आपण भोकरदनच्या, आपल्याला काय कळतं. खालांनी सांगितलंय ना, मग बास. संहिता कधी हातात येणार असं विचारलं की सर प्रेमानं म्हणायचे, "आधी चेहरा तयार होऊ दे."

आणि मग एक दिवस स्वागतकक्षात नवा मोठा फोटो लागला. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, "आमच्या गाजलेल्या नाट्यप्रयोगातील एक क्षण." एक मुलगा सिंहासनावर बसून गर्जत होता. अंगात जांभळा मखमली अंगरखा. छातीवर लाल बटण.

मला आधी आनंदच झाला. माहेरचं माणूस भेटावं तसं वाटलं. मी सरांना विचारलं, "सर, हा प्रयोग कधी झाला? कुठलं नाटक?"

सर हसले. "प्रयोग कसला? शूट आहे ते. दर बॅचला करतो आपण. तासाभरात सगळे कपडे घालून होतात. तुमचंही करू."

त्या मुलाचा उघडा जबडा, ताणलेल्या शिरा, आणि तोंडातून एक शब्दही आलेला नाही! मी त्या फोटोसमोर किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. इस्त्री न मोडलेली घडी माझ्या डोळ्यांसमोर येत होती. ती का मोडली नव्हती ते आता कळत होतं. त्या कपड्यांत कुणी काही केलंच नव्हतं. पण मग दुसरा प्रश्न आला आणि तो पहिल्याहून वाईट होता. खालांना हे कसं कळलं नाही? दुष्यंतानं खाल्लेला गुटखा ज्यांना कळतो, त्यांना न आलेला घाम कळू नये?

मी तशीच बस पकडून जालन्याला आले. दुकानात शिरले ते चिडूनच. सगळं एका दमात सांगितलं. खालांच्या हातात कुठल्यातरी शाळेचा मुकुट होता, तो त्या पुसतच राहिल्या. मागे मशीन थांबलं. मशीन थांबल्यावर ते दुकान इतकं शांत असतं हे मला पहिल्यांदा कळलं.

"अम्मी, अब बोल दो," नसीमभाभी म्हणाल्या.

खाला उठल्या. फडताळातून अत्तराची कुपी काढली, बूच काढलं आणि कुपी माझ्या हातात दिली. गुलाबाच्या वासानं मला ठसका लागला. मग त्यांनी ती परत घेतली, दोन्ही नाकपुड्यांशी धरली आणि लांब श्वास घेतला.

"पाणी," त्या म्हणाल्या. "मला पाणी है हे. साथीच्या साली ताप आल्ता ना, तेव्हापासून. चहा पाणी, बिर्याणी पाणी. समदं पाणी."

साथीला वर्षं लोटली होती. इतकी वर्षं ही बाई रोज कपडे नाकाशी धरत होती, डोळे मिटत होती, निकाल देत होती! मग एकेक आठवायला लागलं. वास घेऊन झाला की त्यांची नजर मशीनकडे जायची. भाभी मान हलवायच्या, हलकीशी, दोरा तोडल्यासारखी. गाठोडं आधी भाभी हुंगत होत्या आणि खाला त्यांचं मत आपल्या तोंडून सांगत होत्या. फक्त माझ्या वेळी भाभी बदनापूरला होत्या.

"तेव्हा थांबा म्हणायचं ना," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता.

"तुझा बाप जबान मागून राह्यला होता," खाला म्हणाल्या. "वास येत न्हाई म्हणायची मला शरम वाटली, भोकरदन. डोळ्यांनी बघितलं, घडी सुंदर दिसली. उभ्या उमरीत मी कपड्याला डोळ्यांनी कधी बघितलं न्हाई, अन् त्या दिवशी बघितलं."

मला वाटलं होतं, त्या एवढ्यावर थांबतील. त्यांनी बुरखा चढवला, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल. तुझ्या बापाची गाडी कधी है?"

दुकान सोडून खाला कुठे जात नसत. स्टँडवर वडिलांनी त्यांना गाडीत चढताना पाहिलं आणि ते तिकिटाचं मशीन धरून तसेच उभे राहिले. "गाठोडं कुठंय?" एवढंच त्यांना सुचलं.

"आज गाठोडं मीच है," खाला म्हणाल्या.

गाडी भरलेली होती. बाजार करून निघालेल्या बाया, पिशव्या, खताची पोती, कॉलेजची पोरं. मला वाटलं, घरी पोचल्यावर दार लावून बोलतील. गाडी शहराबाहेर पडली आणि खाला दोन सीटांच्या मधे, वरची दांडी धरून उभ्या राहिल्या. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलल्या.

"कंडक्टरसाब, मी तुम्हाला झूट जबान दिली. मला वास येत न्हाई. कैक सालांपासून येत न्हाई. तुमच्या पोरीला मी चुकीच्या शाळेत टाकलं. तिची काही गलती न्हाई. तिनं तिथं काम मागितलं, त्यांनी दिलं न्हाई. तिचं वर्ष गेलं ते माझ्यामुळं."

एका म्हातारीनं आपली पिशवी छातीशी घट्ट धरली. ड्रायव्हरनं आरशातून मागे बघितलं. मी खिडकीकडे तोंड केलं होतं, कारण वडिलांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी छाती नव्हती. माझं जे काही व्हायचं होतं ते आता ह्या गाडीतच ठरणार होतं, डी.एड. की मांडव एवढंच. आणि त्याहून मोठा धक्का मला दुसऱ्याच गोष्टीचा बसला होता. जिची सगळी पत त्या एका गुणावर उभी होती, ती बाई एसटीत उभी राहून तो गुण गेल्याचं ओरडून सांगत होती. माझ्यासाठी. जिचं नावही तिला माहीत नव्हतं तिच्यासाठी.

वडिलांनी राहिलेली दोन तिकिटं काढली. मग म्हणाले, "बसा खाली. पडताल." एका पोराला उठवून त्यांनी खालांना जागा करून दिली. भोकरदन जवळ आलं तेव्हा त्यांच्या सीटपाशी येऊन हळूच म्हणाले, "आणखी एक वर्ष देतो. पण आता तुमची जबान नको."

"माझी न्हाईच," खाला म्हणाल्या. "आता तिचं नाक."

पुढच्याच आठवड्यात खाला मला घेऊन निघाल्या. त्यांच्या माहितीतलं एक जुनं कॉलेज होतं, तिथं नाट्यशास्त्राचा वर्ग चाले. इमारतीचा रंग उडालेला, स्टेजच्या फळ्या करकरणाऱ्या, बाहेर झाडाखाली दोन मुलं एकमेकांवर मोठमोठ्यानं ओरडत होती. भांडण समजून मी थांबले. तालीम होती ती. तिथल्या मॅडमनी माहितीपत्रक पुढे केलं. खालांनी ते न बघताच बाजूला ठेवलं. "तुमचे मैले कपडे दाखवा," त्या म्हणाल्या.

मॅडमना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग त्या जोरात हसल्या आणि आम्हाला रंगपटात घेऊन गेल्या. कोपऱ्यात कालच्या प्रयोगाच्या कपड्यांचा ढीग पडला होता. खालांनी त्यातला एक सदरा उचलला आणि सवयीनं नाकाशी नेला. अर्ध्यावरच हात थांबला. सदरा त्यांनी माझ्यापुढे धरला.

"घे."

कुणाचा कोण परका माणूस, त्याचा घामेजलेला सदरा! पण मी नाक खुपसलं. घाम, पावडर, खोबरेल, आणखी काहीतरी कुबट. मी सदरा लांब धरला.

"काय झालं?" खालांनी विचारलं.

"मळमळतंय."

"पाठीकडून घे."

पाठीवर घाम वाळून मिठाचे पांढरे डाग उमटले होते. मी तिथला वास घेतला आणि सातवीतलं ते स्टेज आठवलं. पायाखाली लटपटणारी बाकं, घशाला पडलेली कोरड, अंगभर तापलेली मखमल. मी खालांकडे बघितलं. त्या माझ्या तोंडाकडे अशा बघत होत्या, जणू वास मला नाही, त्यांनाच येतोय.

"इथं," मी म्हणाले.

"तू ठरवलं ना? मी काही बोलले न्हाई," त्या म्हणाल्या आणि बसमधल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसल्या. परतीच्या बसमध्ये त्या माझ्या खांद्यावर मान टाकून झोपल्या.

त्या वर्गात मी घासून निघाले. मॅडमनी पहिले कित्येक महिने मला संवादच दिला नाही, पण त्या गप्प राहण्यातही घाम फुटायचा. माझ्या पहिल्या मोठ्या भूमिकेचा प्रयोग जालन्यात लागला. कपडे अर्थातच खालांचे. जांभळा अंगरखा आता मला गुडघ्याखाली लोंबत नव्हता, मापात बसत होता. भाभींनी लाल बटण बदलून पितळी लावू का म्हणून विचारलं. मी नको म्हणाले. पडदा उघडायच्या आधी फटीतून बघितलं तर पहिल्या रांगेत, वडिलांच्या शेजारी, खाला बसलेल्या. विंगेत नव्हे, समोर. आयुष्यातलं पहिलं नाटक बघायला ही बाई आली, ते माझं!

प्रयोग संपला. रंगपटात गर्दी झाली. कुणी हात हातात घेत होतं, कुणी फोटो काढत होतं, वडील कोपऱ्यात उभे राहून रुमालानं उगाच चष्मा पुसत होते. खाला गर्दी सारत आल्या. त्यांनी माझं अभिनंदन केलं नाही. "समोरून मला काही कळलं न्हाई," म्हणाल्या आणि मला पाठमोरं फिरवलं. मागून अंगरख्याची कॉलर ओढली आणि आपला हात आत घातला. गार, सुरकुतलेला तळवा माझ्या उघड्या पाठीवरून मणक्यावरून खाली कमरेपर्यंत गेला. सगळ्यांच्या देखत. सातवीतली ती लाज पुन्हा अंगभर चढली आणि मी श्वास धरून उभी राहिले.

"अर्धी भिजली," खाला म्हणाल्या. "खाली अजून कोरडी है. काम बाकी है."

मी वळून बघितलं. त्यांचा तळवा माझ्या घामानं चमकत होता. त्यांनी दोन्ही हात जुळवले, क्षणभर डोळे मिटले, आणि दुआ मागून झाल्यावर जसे फिरवतात तसे ते ओले हात आपल्या तोंडावरून फिरवले. कपाळ, डोळे, गाल, हनुवटी. नाकापाशी हात जरा थांबले.



पुढच्या हिवाळ्यात खाला गेल्या. दुपारी दुकानातच, कपड्यांच्या ढिगाला टेकून. दुकान आता भाभी चालवतात. प्रत्येक प्रयोगानंतर मी अंगरखा न धुता त्यांच्याकडे नेते. भाभी तो नाकाशी धरतात, डोळे मिटतात, आणि मशीनकडे वळता वळता मला सांगतात, पाठ कुठपर्यंत भिजली.

ओल अजून कमरेपर्यंत गेलेली नाही.